खुराड्यातली नवी कोंबडी आणि ‘बाईच बाईची वैरी’

मैत्रिणींनो, चळवळीच्या अंकात कोंबड्यांवर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, सात-बाऱ्यावर नाव, हे सगळे प्रश्न तसेच पडलेले असताना ही बाई खुराड्यात कशाला शिरली? पण औंढा नागनाथ तालुक्यात गटाचं काम करताना मला एक गोष्ट सतत दिसत आली आहे. आमच्याकडे जमीन बाईच्या नावावर नसते, घर नसतं, बैलजोडी नसते. कोंबडी मात्र तिची असते. म्हणजे कागदावर नसते, पण गावात कुणालाही विचारा, ‘ही कोंबडी कुणाची?’ तर नाव बाईचंच सांगतील. बाईच्या हातात हक्काचा म्हणावा असा पैसा येतो तो बऱ्याचदा अंड्यांचा. लेकराच्या वहीचा, दवाखान्याच्या रिक्षाचा, माहेरी जायच्या एसटीच्या तिकिटाचा. म्हणून कोंबडी मेली की बाईचं काय जातं, हे बाईलाच कळतं.

माझ्या हातून अशी एक कोंबडी मेली. ती माझी नव्हती. त्याबद्दल आणि त्यानंतर ऐकाव्या लागलेल्या एका वाक्याबद्दल मला लिहायचं आहे.

काय झालं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातली एक बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली. एकदा उचल घेतली आणि कोयता उचलला की पाच-सहा महिने घराला कुलूप. लेकरं आजीकडे, शेळी भावाकडे अर्धलीनं, आणि तीन कोंबड्या माझ्याकडे. म्हणाली, “ताई, अंडी तुम्ही खा, पिल्लं निघाली तर निम्मी तुमची. पण माझ्या तिघी जित्त्या ऱ्हाऊ द्या.”

माझ्याकडे आधीच्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. मी त्या तिघींना भर दुपारी अंगणात सोडलं, वर मूठभर ज्वारी टाकली आणि बैठकीला निघून गेले. संध्याकाळी येऊन बघते तर एक भिंतीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेली. तुऱ्यामागची कातडी सोललेली, मान रक्तानं भरलेली. दुसरी जळणाच्या ढिगाखाली. तिसरी सापडेचना. ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभींच्या कोंबड्यांत मिळाली. पहिली तिसऱ्या दिवशी मेली.

माझ्या सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “आल्या आल्या कुणी अशा सोडत असतंय का? आठ-पंधरा दिस डालग्याखाली ठिवायच्या. अन् मग दिवस बुडताना कोंडायच्या.”

मी चिडून म्हटलं, “मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू इचारलंस कव्हा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गटांच्या प्रशिक्षणात ‘बायकांचं परंपरागत ज्ञान’ या विषयावर मी तासतासभर बोलले आहे. पण ज्या बाईनं पन्नास वर्षं कोंबड्या सांभाळल्या, ती माझ्याच घरात बसलेली असताना तिला काही विचारावं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी एका कार्यक्रमात जेवताना मी हा प्रसंग सांगितला. तिथं आलेले एक पाहुणे वक्ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “बघा, कोंबड्यांतसुद्धा बाईच बाईची वैरी!” सगळे हसले. आमच्या बायका हसल्या, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते हसणं मला टोचत राहिलं. सासू-सुनेच्या भांडणात, जाळलेल्या सुनेच्या केसमध्ये, पंचायतीत दोन बायकांचं पटलं नाही म्हणून, गट फुटला म्हणून, किती ठिकाणी हे वाक्य आपल्या तोंडावर फेकलं जातं! आता कोंबड्याही साक्षीला आणल्या. तेव्हा मी ठरवलं की ही साक्ष नीट तपासून बघायची.

कोंबड्या का टोचतात

कोंबड्यांमध्ये वरची-खालची अशी उतरंड असते. पहिलीनं कुणालाही टोचावं, दुसरीनं पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटचीनं सगळ्यांच्या चोची खाव्यात. हे शास्त्रीय पद्धतीनं पहिल्यांदा मांडलं ते नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्देरुप-एबे यांनी, १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. लहानपणापासून ते कोंबड्यांचं निरीक्षण करून कोण कुणाला टोचते याची नोंद ठेवत असत. पुढं हा ‘चोचीचा क्रम’ जगभर इतका गाजला की माणसांच्या कचेऱ्यांनासुद्धा तो शब्द लावतात.

पण या क्रमाचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. एकदा क्रम ठरला की खुराडं शांत असतं. खरी मारामारी कमी होते, कारण नुसती मान उंचावली तरी समोरची बाजूला होते. नवी कोंबडी आली की हा ठरलेला क्रम मोडतो आणि प्रत्येकीला आपली जागा पुन्हा ठरवावी लागते. दाणा पुरेल का, पाणी मिळेल का, रात्री बसायच्या दांडीवर जागा राहील का, हा तिथला प्रश्न असतो. म्हणून जिथं दाण्याचं एकच भांडं, पाण्याची एकच परात आणि खुराडं दोन हातांचं, तिथं रक्त निघतं. तेच दाणा चार ठिकाणी टाकला, पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवलं, दबलेलीला लपायला आडोसा दिला, तर टोचाटोची होते पण आठ-पंधरा दिवसांत मिटते. कोंबड्या त्याच, मादीपणही तेच. बदलली ती फक्त जागा आणि दाण्याची सोय.

आणखी एक. कोंबडे एकमेकांशी कसे लढतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. इतकं माहीत आहे की त्यांच्या पायाला पाती बांधून पैसे लावून झुंजी लावतात. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यानं प्राण्यांच्या झुंजी लावणं गुन्हा ठरवलं, तरी हा खेळ कित्येक ठिकाणी चालतोच. त्या झुंजी बघून ‘बघा, पुरुषच पुरुषाचा वैरी’ असं म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलं नाही. आमच्या तालुक्यात सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडतात, वीस-वीस वर्षं कोर्टात जातात. त्याला गाव काय म्हणतं? ‘जमिनीचा वाद’ म्हणतं. म्हणजे पुरुष भांडले की कारण जमिनीत शोधायचं आणि बाया भांडल्या की कारण त्यांच्या बाईपणात शोधायचं! सासू-सून एका चुलीवरून, एका भाकरीवरून, एका कमावत्या माणसाच्या मर्जीवरून भांडतात, तेव्हा तोही मालमत्तेचाच वाद असतो. दोघींच्याही नावावर काहीच नसल्यानं त्याला वाद म्हणत नाहीत, स्वभाव म्हणतात.

हे मी सासूनं केलेल्या छळाचं समर्थन म्हणून लिहीत नाही. ज्या सुनेला चटके बसले तिला ‘सासूही पीडितच आहे’ असं सांगून घरी पाठवणं हा अन्याय आहे, आणि आपल्या बैठकांत तो कधी कधी झालेला आहे. रक्त निघालेली कोंबडी आधी बाहेर काढायची असते. कारणांचा विचार तिला सुरक्षित ठेवल्यावर करायचा. पण करायचा जरूर.

मग आम्ही काय केलं

पुढच्या वर्षी आम्ही हा विषय गटाच्या बैठकीतच घेतला. सासूबाईंना मध्ये बसवलं. तांड्यावरच्या दोघी होत्या, आंध आदिवासी वस्तीवरची एक मावशी होती, शेजारच्या भाभी होत्या. जिला जे माहीत ते तिनं सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरांकडून लस आणि रोगाची माहिती घेतली. त्यातून जे ठरलं आणि जे आम्ही करून पाहिलं ते इथं देते. इतर गटांना उपयोग होईल.

पहिलं म्हणजे, नवी कोंबडी, मग ती बाजारातून आणलेली असो, माहेराहून आलेली असो की कुणी सांभाळायला दिलेली असो, सरळ जुन्यांत सोडायची नाही. तीन-चार आठवडे तिला जमेल तितकी लांब, वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात दाणा-पाणी देऊन ठेवायची. आधी जुन्यांचं काम उरकायचं, मग नवीचं करायचं, आणि हात-पाय धुवायचे. एवढे दिवस का, तर रोग अंगात असला तरी तो लगेच दिसत नाही. हिरवट-पांढरी विष्ठा, धाप, मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं ही राणीखेतची लक्षणं. आमच्याकडे बाया याला मानमोडी म्हणतात. आता उत्तराखंडात असलेल्या राणीखेतजवळ १९२७-२८ च्या सुमारास हा रोग नोंदला गेला म्हणून आपल्याकडे त्याला हे नाव पडलं. हा एकदा घुसला की अख्खं खुराडं रिकामं करतो. पंखांखाली आणि शेपटीजवळ उवा आहेत का तेही याच दिवसांत बघायचं. कोरड्या मातीत चुलीची राख मिसळून लोळायला जागा दिली तर कोंबडी स्वतःच बराचसा बंदोबस्त करते.

दुसरं, लस. राणीखेतवर औषध नाही, लसच आहे. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात थेंबांची ‘लासोटा’ देतात, आणि सहा-आठ आठवड्यांनंतर ‘आर-टू-बी’ ही टोचायची लस. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांची बाई ती बाटली घेऊन काय करणार? म्हणून एकटीला लस कधी मिळतच नाही. आमच्या गटानं वीस घरं मिळून एक दिवस ठरवला. सकाळी खुराडी उघडायच्या आतच पशुसखी घरोघर फिरली, आणि दिवस वर यायच्या आत बाटली संपली. बायकांनी एकत्र का यावं, यावर मी बरीच भाषणं केली. या एका बाटलीनं ते जास्त चांगलं पटवून दिलं.

तिसरं, आधी दिसू द्यायचं, मग भेटू द्यायचं. वेगळं ठेवण्याचे दिवस संपले की आठवडाभर नव्यांना त्याच अंगणात डालग्याखाली किंवा जाळीआड ठेवायचं. जुन्या येऊन बघतात, फुगतात, जाळीवर चोच मारतात, मग कंटाळून निघून जातात. नवीलाही कोण दांडगी आहे ते कळतं.

चौथं, मिसळायचं ते दिवस बुडताना. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती भांडायच्या मनःस्थितीत नसते. जुन्या दांडीवर बसल्या की नव्यांना हळूच शेजारी ठेवायचं. सकाळी सगळ्या एकत्रच उठतात. पण सासूबाईंची ताकीद अशी की, त्या सकाळी घर सोडायचं नाही. पहाटे खुराडं उघडायला स्वतः जायचं आणि दुपारपर्यंत लक्ष ठेवायचं. एकीला रक्त आलं तर तिला त्याच क्षणी बाजूला घ्यायचं, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात.

पाचवं, एकटी कोंबडी कधीही मिसळायची नाही. दोन-तीन मिळून मिसळायच्या, म्हणजे चोची वाटल्या जातात आणि एकीला दुसरीची सोबत असते. नवी पुरेशी वाढलेली असावी. लहान पिल्लं मोठ्यांत उघडी सोडली तर मारली जातात. त्यांच्यासाठी उपाय म्हणजे खुडूक कोंबडी. ती अंड्यांवर बसलेली असताना रात्री तिच्या पोटाखाली एक दिवसाची परकी पिल्लं सरकवली तर बहुतेक वेळा ती आपलीच समजते, आणि मग त्यांच्याकडे चोच वळवायची हिंमत कुणी करत नाही.

सहावं, काही दिवस अंडी कमी होतील हे धरून चालायचं. हे घरातल्या पुरुषांनाही आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ‘बंद करा तो धंदा’ ऐकावं लागतं.

योजनेत काय राहून जातं

हे सगळं मी इतक्या बारकाईनं लिहिते याला कारण आहे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या कुक्कुट विकासाच्या योजनेत निम्म्या अनुदानावर सुधारित जातीच्या आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचे गट देण्यात आले आहेत. एका गटात २५ माद्या आणि ३ नर. किंवा मग एक दिवसाची १०० पिल्लं. कागदावर हे उत्तम दिसतं. पण ज्या बाईच्या दारात या अठ्ठावीस तलंगा उतरतात, तिच्याकडे आधीच्या चार-पाच गावरान कोंबड्या असतातच. तिचं खुराडं त्या चार-पाचांचं असतं. त्यात अठ्ठावीस कोंबल्या की काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पहिल्या महिन्यात निम्म्या मेल्या की शेरा काय पडतो? ‘लाभार्थीनं नीट सांभाळ केला नाही.’

माझं म्हणणं असं की, पक्षी देण्याआधी खुराडं द्या. जाळी द्या. लसीचा दिवस ठरवा आणि मगच गाडी पाठवा. आणि प्रशिक्षण ठेवायचं तर ते तालुक्याच्या सभागृहात पुरुषांना बोलावून नको. वस्तीवर, बायकांची कामं उरकल्यावर, त्यांच्या वेळेला ठेवा. खुराडं झाडणं, पाणी आणणं, पहाटे उठून राखण करणं हे काम शेवटी कोण करणार आहे? तिचा तो वेळ कुठल्याच प्रकल्प अहवालात धरलेला नसतो.

दुसरा प्रश्न जातीचा, म्हणजे कोंबडीच्या जातीचा. वनराज, गिरिराज अशा सुधारित जाती वजनाला चांगल्या, अंडी गावरानपेक्षा कितीतरी जास्त. पण त्या खुडूक बसत नाहीत. म्हणजे पुढच्या पिल्लांसाठी पुन्हा हॅचरीकडे जायचं, पुन्हा अर्ज, पुन्हा अनुदान. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देईल, पण एकवीस दिवस बसून स्वतः पिल्लं काढते. बाईला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. म्हणून सुधारित तलंगा घ्या, जरूर घ्या, पण खुडूक बसणाऱ्या दोन-तीन गावरान मोडीत काढू नका. बियाण्याच्या बाबतीत जे झालं ते कोंबडीच्या बाबतीत होऊ देऊ नका.

आणि रोगाचं भय पोकळ नाही. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तो बर्ड फ्लू निघाला. त्या पोल्ट्रीचा संबंध बचत गटाशी असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. नंतर रोग पसरू नये म्हणून आसपासच्या निरोगी कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. महाराष्ट्रानं हे आधी २००६ साली नवापूरला पाहिलं होतं. आपला हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता. बाजार, सोयरिकी, वाहतूक अजूनही तिकडंच. म्हणून आसपास पाखरं मरत असल्याची कुणकुण लागली की त्या दिवसांत बाजारातून नवी कोंबडी आणायचीच नाही. मेलेली झाकून ठेवायची नाही आणि आजारी स्वस्तात विकायची तर नाहीच. दुसऱ्या बाईच्या खुराड्यात रोग ढकलून आपले शंभर रुपये सोडवणं ही कसली भगिनीभावाची रीत?

कोंबडी कुणाची, अंडं कुणाचं

२०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्यांची संख्या एकतीस कोटींच्या वर गेली. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या, गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त. या एकतीस कोटींमागे किती बायका असतील, याचा विचार करा. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिला अधिवेशन झालं, १९९० नंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत जमीन बायकांच्या नावावर करण्याची हाक दिली गेली, १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. तरी आमच्या गटातल्या बहुतेकींच्या नावावर आज गुंठाही नाही. कोंबडी आहे. पण गंमत बघा, ती चार-पाच असेपर्यंत बाईची असते. ती तीस झाली, अनुदान आलं, बँकेत खातं लागलं की तिचा ‘पोल्ट्री व्यवसाय’ होतो आणि मालक बदलतो. म्हणून गटांना माझी विनंती आहे की तलंगांचा अर्ज बाईच्या नावावर, खातं बाईचं, आणि अंड्यांच्या विक्रीची वहीही बाईच्याच हाताची.

आणि अंडं खायचं कुणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आमच्या बैठकीत मी विचारलं, “काल कुणी अंडं खाल्लं?” कोंबड्या पाळणाऱ्या अकरा जणींपैकी एकीनं हात वर केला, आणि तीही बाळंतीण होती. बाकीच्यांची अंडी विकली गेली किंवा पोराच्या ताटात गेली. आठवड्याला दोन अंडी बाईच्या ताटात, हा ठराव आम्ही त्या दिवशी केला. तो पाळला जातो का, हे दर बैठकीत विचारतो. अजून पूर्ण पाळला जात नाही.

नव्या बाईला जागा

आता त्या वाक्याकडे परत येते. आपल्या गटातही नवी बाई येते. ती तांड्यावरून येते, दलित वस्तीतून येते, नवऱ्यानं टाकलेली असते. तिला आपण काय करतो? सतरंजीच्या कडेला बसवतो. हिशेब जुन्या करतात, कर्जाची पहिली पाळी जुन्यांची, बोलायलाही जुन्याच. माळकरी घरातल्या बाईला कोंबडीवाल्या बाईचा चहा चालत नाही, हेही मी पाहिलं आहे. नागनाथाच्या देवळाची कथा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. नामदेव समोर कीर्तन करत होते, त्यांना मागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. कथा म्हणून आपण ती प्रेमानं सांगतो. पण मागे जायला सांगणारी माणसं त्या कथेत आहेत, आणि आपल्या बैठकीतली ती माणसं कधी कधी आपणच असतो.

कोंबड्यांवरून माणसांचे नियम काढू नयेत, हे मला मान्य आहे. कोंबड्यांची उतरंड कधी जात नाही. शेवटची कोंबडी शेवटचीच राहते, फक्त तिचं रक्त निघत नाही एवढंच. आपल्याला तेवढ्यावर समाधान मानायचं नाही. आपण ठराव करू शकतो, पाळी लावू शकतो, हिशेबाची वही नव्या बाईच्या हातात देऊ शकतो. पण ज्यांना कोंबड्यांची साक्ष काढायचीच आहे, त्यांनी ती पूर्ण काढावी. जागा कमी आणि भांडं एक असेल तर रक्त निघतं, आणि जागा वाढवली, भांडी वाढवली, ओळख व्हायला वेळ दिला तर निघत नाही. साक्ष एवढीच आहे.

ऊसतोडीहून ती बाई उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली, तेव्हा मी तिला खरं काय ते सांगितलं आणि माझ्यातली एक कोंबडी तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, पंखांखाली हात घालून वजन बघितलं आणि म्हणाली, “चांगली हाय ताई. पण मेली ती खुडूक बसायची. सालाला दोनदा पिल्लं काढायची.” ती रागावली नाही, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. माझ्या एका दुपारच्या निष्काळजीपणानं तिची वर्षाची वीस-पंचवीस पिल्लं गेली होती.

यंदा दिवाळीनंतर तिनं पुन्हा चार कोंबड्या माझ्याकडे ठेवल्या आहेत. महिनाभर त्या गोठ्याच्या पलीकडच्या बाजूला होत्या. आता अंगणात जाळीआड आहेत. सासूबाई रोज काठी टेकत जाऊन बघून येतात. परवा म्हणाल्या, “अजून दोन दिस थांब.” मी थांबले आहे.

तुमच्या भागात स्थलांतर करणाऱ्या बायकांच्या कोंबड्या-शेळ्या कोण सांभाळतं, त्याचा करार कसा होतो, वाटा किती असतो, आणि जनावर मेलं तर काय करतात, हे बैठकीत विचारा. आम्ही आमच्या गटाचा नियम लिहून काढायला घेतला आहे. तुमचे नियम कळले तर आमचा अधिक नीट होईल.